ताप मोजणारा फॅरनहाइट

आपल्याकडे हवा सेल्सिअसमध्ये तापते आणि माणूस फॅरनहाइटमध्ये. मे महिन्यात वर्तमानपत्रात ग्वाल्हेरचे तापमान ४५ अंश छापून येते ते सेल्सिअस. त्याच घरात नातवंडाचे अंग तापले की आजी फोनवर १०२ सांगते, तो फॅरनहाइट. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, शेर-मण गेले, फर्लांग गेले, आणे-पै गेले; ताप मात्र जुन्या मापानेच येत राहिला. काचेच्या नळीवरचा ९८.४ जवळचा बाण आपल्या डोक्यात पक्का बसला आहे. १०० म्हणजे बारीक ताप, १०२ म्हणजे कपाळावर पाण्याच्या घड्या, १०४ म्हणजे रिक्षा बोलवा. हेच आकडे सेल्सिअसमध्ये कोणी सांगितले तर बहुतेकांना घाबरायचे की नाही हेही कळणार नाही.

या मापाला ज्याचे नाव आहे तो डॅनियल गाब्रिएल फॅरनहाइट वैद्य नव्हता, प्राध्यापकही नव्हता. त्याच्याकडे कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती. तो व्यापाऱ्याचा मुलगा होता आणि पुढे काचेची उपकरणे घडवून विकणारा कारागीर झाला. शाळेच्या पुस्तकात त्याच्या वाट्याला एक सूत्र येते, ३२ वजा करा आणि ५/९ ने गुणा. त्या ३२ मागे काय काय घडले ते कोणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

त्याचा जन्म २४ मे १६८६ रोजी डान्झिग शहरात झाला. बाल्टिक समुद्रावरचे हे मोठे बंदर तेव्हा पोलंडच्या राजाच्या छत्राखाली होते, पण बाजारात आणि घरात भाषा चालायची ती मुख्यतः जर्मन. राज्य एकाचे आणि घरातली बोली दुसरी, हा प्रकार आपल्या वाचकांना वेगळा समजावून सांगायला नको. आज त्या शहराला ग्दान्स्क म्हणतात. फॅरनहाइट घराणे व्यापारी, खाऊनपिऊन सुखी. डॅनियल हा वाचलेल्या पाच भावंडांत थोरला. मुलगा हुशार आहे, त्याला शहरातल्या नामांकित विद्यालयात घालायचे, असे ठरत होते.

१४ ऑगस्ट १७०१ या एका दिवशी त्याचे आई आणि वडील दोघेही गेले. कारण सांगतात ते विषारी अळंबीचे. पावसाळ्यात रानातली अळंबी काढणारे कोकण-गोव्यातले जुने जाणते लोक ओळख पटल्याशिवाय टोपलीत एकही टाकत नाहीत, ते उगाच नव्हे. डॅनियल तेव्हा पंधरा वर्षांचा होता. लहान चार भावंडांना निरनिराळ्या घरी ठेवण्यात आले. थोरल्याचे काय करायचे हे पालक म्हणून नेमलेल्या मंडळींनी ठरवले. शिक्षण बंद, आणि मुलाची रवानगी आम्स्टरडॅमला एका व्यापाऱ्याच्या पेढीवर उमेदवारीसाठी. चार वर्षे हिशेब शिकायचा, मग धंद्याला लागायचे.

पालकांचे वाईट होते असे म्हणवत नाही. पोरका मुलगा, मागे चार भावंडे, घरचा व्यापार. कोणत्याही काळातल्या काका-मामांनी हेच केले असते. पण आम्स्टरडॅम हे त्या काळी जगाचे दुकान होते. तिथे मसाल्यांबरोबर दुर्बिणी, होकायंत्रे, वायुभारमापक, काचेच्या नळ्याही विकायला असत. हिशेबाच्या वह्यांपेक्षा या वस्तूंनी पोराला वेड लावले. पेढीची चार वर्षे संपली आणि पुढच्या नोकरीत त्याचे मन लागेना. वडिलांच्या इस्टेटीतल्या आपल्या वाट्यावर त्याने कर्जे काढली, ते पैसे उपकरणांवर आणि प्रवासावर घातले, आणि एक दिवस तो पळून गेला.

पालकांनी काय करावे? १७०७ साली त्यांनी त्याला पकडण्याचा हुकूम मिळवला. सापडला की त्याला डच ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात देऊन पूर्वेकडच्या जहाजावर चढवायचे, असा बेत होता. ही तीच कंपनी जिची वखार एके काळी वेंगुर्ल्यात होती. तिचे पडके अवशेष आजही तिथे उभे आहेत. त्या कंपनीच्या जहाजांतून पूर्वेकडे गेलेल्यांपैकी निम्म्याहून कमी लोक परत येत. फॅरनहाइट पकडला गेला असता तर बहुधा बटाव्हियाच्या किंवा मलबारच्या एखाद्या दफनभूमीत संपला असता, आणि आपल्या आजीने तापाचा आकडा कोणत्या मापाने सांगितला असता कोण जाणे.

तो सापडला नाही. बर्लिन, हाले, लाइपझिग, ड्रेस्डेन, कोपनहेगन अशी गावे पालथी घालत तो हिंडला. जाईल तिथे काच फुंकणारे कारागीर, उपकरणे करणारे आणि पंडित यांना गाठायचे आणि प्रश्न विचारायचे. डोक्यात विषय एकच, तो म्हणजे उष्णता मोजायची कशी?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. थंडीच्या सकाळी पितळेचा तांब्या आणि लाकडी पाट एकाच खोलीत रात्रभर ठेवलेले असतात. हात लावा, तांब्या गार लागतो, पाट लागत नाही. वास्तविक दोघेही तितकेच थंड आहेत. पितळ हातातली उष्णता झपाट्याने ओढून घेते, लाकूड हळू घेते, एवढाच फरक. म्हणजे आपला हात वस्तूची उष्णता सांगत नाही, आपल्या अंगातून किती वेगाने उष्णता जात आहे ते सांगतो. उन्हातून आलेल्या माणसाला ओसरी गार वाटते, माजघरातून आलेल्याला तीच ओसरी गरम. दोघांपैकी खरा कोण हे ठरवायला तिसरा साक्षीदार हवा.

असा साक्षीदार तयार करण्याचे प्रयत्न शंभर वर्षे चालू होते. गॅलिलिओने हवा तापली की फुगते हे दाखवणारी नळी केली होती. पुढे इटलीत फ्लॉरेन्सच्या विद्वानांनी बंद नळीत मद्यार्क भरून सुंदर तापमापके केली. प्रत्यक्ष न्यूटनने १७०१ साली जवसाच्या तेलाचे तापमापक वापरून आपले एक माप मांडले. त्यात बर्फ वितळते तिथे शून्य आणि माणसाच्या अंगाची ऊब १२. अडचण अशी की प्रत्येकाची नळी वेगळी आणि प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या. पॅरिसमध्ये कोणी म्हणाले की आज ५० अंश आहे, तर लंडनमध्ये त्याचा अर्थ कोणालाच लावता येत नसे. एकाच कारागिराने केलेली दोन तापमापकेही एकमेकांशी जुळत नसत. बाजारात प्रत्येक दुकानदाराचा शेर वेगळा असावा, तशी गत.

१७०८ साली बावीस वर्षांचा हा फरारी कोपनहेगनला ओले रोमर याच्याकडे पोहोचला. प्रकाशाला वेग असतो हे गुरूच्या उपग्रहांच्या ग्रहणांवरून १६७६ मध्ये दाखवणारा तो रोमर. आता तो कोपनहेगनचा महापौर होता, आणि रिकाम्या वेळात तापमापके करीत होता. पकडवॉरंट डोक्यावर असलेल्या पोराला महापौराने दारातून हाकलले नाही, उलट आपली कामाची पद्धत पाहू दिली. माझ्या मते फॅरनहाइटच्या आयुष्यातला हाच खरा शाळेचा दिवस.

रोमरची युक्ती साधी होती. नळीवर मनाला येईल तशा खुणा करायच्या नाहीत. निसर्गातल्या दोन जागा अशा निवडायच्या की त्या कुठेही, केव्हाही पुन्हा मिळतील. तापमापक तिथे न्यायचे, पारा किंवा मद्यार्क जिथे थांबेल तिथे खूण करायची आणि मधले अंतर सारखे विभागायचे. रोमरच्या मापात पाण्यात वितळणारे बर्फ साडेसात अंशांवर आणि अंगाची ऊब साडेबावीसवर येई. हे अपूर्णांक फॅरनहाइटला गैरसोयीचे वाटले. त्याने प्रत्येक अंशाचे चार केले, तेव्हा ते ३० आणि ९० झाले. पुढे त्याने तेही सोडून ३२ आणि ९६ धरले.

हे ३२ आणि ९६ कुठून आले, या प्रश्नाने कित्येक पिढ्यांची शाळकरी मुले वैतागली आहेत. उत्तर कारागिराच्या हातात आहे. ९६ मधून ३२ गेले की ६४ उरतात. ६४ चा निम्मा ३२, त्याचा १६, मग ८, ४, २, १. नळीवर दोन खुणा केल्या की मधले अंतर सहा वेळा निम्मे केले की एकेक अंश हातात येतो. शंभर सारखे भाग पाडायचे म्हणजे पाच भागांची कटकट. निम्मे करणे मात्र कंपासाने सहज जमते. विद्वानाला १०० सोयीचे, कारागिराला ६४. आपल्याकडे रुपयाचे १६ आणे होते त्यामागे अशीच निम्म्या-पाव-आदपावची सोय होती.

आणि शून्य? त्यासाठी त्याने बर्फ, पाणी आणि नवसागर यांचे मिश्रण वापरले. नवसागराऐवजी साधे मीठही चालते असे त्याने नोंदवले. नवसागर म्हणजे तोच, जो कल्हईवाला भांडे तापवून त्यात टाकायचा आणि पांढरा धूर निघायचा. मिश्रणाचे तत्त्व मात्र आपण वेगळ्या ठिकाणी पाहिले आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आइस्क्रीमचा लाकडी पॉट आणला जाई, भोवती बर्फ आणि खडेमीठ भरले जाई, आणि घरातली सगळी मुले पाळीपाळीने दांडा फिरवत. नुसत्या बर्फाने आइस्क्रीम गोठत नाही, मीठ लागतेच. मिठामुळे बर्फाला अधिक थंडीतही वितळावे लागते, आणि वितळायला जी उष्णता लागते ती ते भोवतालातून, म्हणजे मिश्रणातून आणि आतल्या दुधातून, ओढून घेते. बर्फ वितळत असतानाच सगळे अधिक गार होत जाते. फॅरनहाइटचे शून्य म्हणजे असा आइस्क्रीमचा पॉट. त्या काळात माणसाने स्वतः तयार केलेली ही जवळजवळ सर्वांत मोठी थंडी होती, त्यामुळे रोजच्या हवामानात उणे आकडे लिहावे लागणार नाहीत असा हिशेब होता.

अशीही गोष्ट सांगतात की ते शून्य म्हणजे १७०८-०९ च्या हिवाळ्यात डान्झिगमध्ये पडलेली सर्वांत कडक थंडी. तो हिवाळा युरोपभर भयंकर होता आणि त्याच सुमारास फॅरनहाइट गावी परतला होता, हे खरे. त्याच्या आपल्या निबंधात मात्र मिश्रणच आहे. पुढे वय चोवीस पूर्ण होऊन तो कायद्याने सज्ञान झाला, वॉरंटचा प्रश्न संपला, आणि इस्टेटीतला उरलासुरला वाटा त्याच्या हाती आला. तोही काच आणि पाऱ्यात गेला.

१७१४ मध्ये हाले इथले गणिताचे प्राध्यापक ख्रिस्तियान वोल्फ यांनी एका पंडिती नियतकालिकात एक टिपण छापले. फॅरनहाइटने त्यांना मद्यार्काची दोन तापमापके दिली होती. त्यांनी ती शेजारी ठेवली, थंडीत नेली, उबेत आणली. दोन्ही नळ्या बरोबरीने चढत होत्या आणि बरोबरीने उतरत होत्या. एवढीच बातमी. आज आपल्याला यात काय नवल असे वाटेल. औषधाच्या दुकानातून दोन तापमापके आणली तर ती जुळणारच, नाही तर आपण परत करू. पण १७१४ पर्यंत हे कोणाला भरवशाने करता आले नव्हते. तापमापक हे खेळणे न राहता माप झाले ते त्या जोडीमुळे. फॅरनहाइटचे मोठेपण त्याच्या ३२ मध्ये किंवा ९६ मध्ये नाही, या जोडीत आहे.

हे साधले कसे, ते त्याने अनेक वर्षे फोडले नाही. पोटाचा धंदा होता. पण मुख्य गोष्टी आता माहीत आहेत. पूर्वीचे कारागीर नळीच्या तळाशी गोल फुगा करीत. त्याने लांबट फुगा केला, म्हणजे आतल्या द्रवाला भोवतालची उष्णता लवकर भिडे. नळीचे छिद्र वरपासून खालपर्यंत सारखे असेल अशा नळ्या तो निवडी. आणि मद्यार्क सोडून त्याने पारा घेतला. पारा काचेला चिकटत नाही, तापला की समप्रमाणात फुगतो, उष्णता झटकन घेतो. मद्यार्क ज्या उष्णतेला उकळून जातो तिथे पारा शांत असतो, आणि बर्फाच्या कितीतरी खाली गेल्याशिवाय गोठत नाही. पारा वापरायची कल्पना त्याच्या आधीही काहींना सुचली होती. गियोम आमोंताँ या फ्रेंच शास्त्रज्ञाचे पाऱ्याच्या फुगण्यावरचे काम वाचून फॅरनहाइटला दिशा मिळाली. पण बाजारातला पारा अस्वच्छ असतो, काचेला डाग पाडतो, नळीत अडकतो. तो स्वच्छ करून वापरण्याची रीत फॅरनहाइटने बसवली, आणि तिथेच इतरांचे हात टेकले होते.

१७१७ च्या सुमारास तो आम्स्टरडॅमला कायमचा राहायला आला. ज्या गावातून तो पळाला होता तिथेच त्याने दुकान थाटले. तापमापके, वायुभारमापके आणि द्रवाची घनता मोजणारी उपकरणे तो करून विकू लागला. १७१८ पासून रसायनशास्त्रावर व्याख्यानेही देऊ लागला, तीही प्रयोग करून दाखवत. लग्न केले नाही. पैसा कधी साठला नाही.

भरवशाचे माप हाती आल्यावर त्याने ते जिथे तिथे बुडवून पाहिले, आणि इथून त्याची गोष्ट खरी रंगते. पाणी, मद्यार्क, आम्ले यांना उकळी कोणत्या अंशावर फुटते ते त्याने मोजले; पावसाच्या पाण्याचा आकडा २१२ आला. एकदा उकळी आली की खाली कितीही जाळ घाला, पाणी त्याहून तापत नाही, हे त्याने पक्के केले. त्याहून महत्त्वाचे पुढचे. हाच आकडा रोज तंतोतंत तसाच येत नाही. हवेचा दाब वाढला की चढतो, उतरला की उतरतो. त्याने लगेच उलटा विचार केला. उकळत्या पाण्याचा अंश पाहून हवेचा दाब सांगणारे उपकरण करता येईल, असे त्याने मांडले. आपल्या घरात याचा पुरावा रोज शिट्टी देतो. कुकरमध्ये वाफ कोंडून दाब वाढतो, म्हणून पाणी २१२ ऐवजी २५० च्या आसपास उकळते आणि तूरडाळ मऊ होते. उलट महाबळेश्वरला उघड्या भांड्यात पाणी साधारण २०४ लाच उकळू लागते. तिथे उघड्यावर डाळ शिजवून पाहिलेल्या गृहिणीला फॅरनहाइटचा निबंध वाचायची गरज नाही.

मार्च १७२१ मधला प्रयोग तर एखाद्या जादूसारखा आहे. काचेच्या फुग्यात त्याने पावसाचे पाणी घेतले, आतली हवा काढली, तोंड वितळवून बंद केले आणि रात्रभर कडाक्याच्या थंडीत ठेवले. बाहेर १५ अंश होते, म्हणजे पाणी गोठण्याच्या खुणेच्या बरेच खाली. सकाळी पाहतो तर आत पाणीच! त्याने फुग्याचे टोक मोडले आणि क्षणात आत बर्फाच्या सुया-पापुद्रे सगळीकडे पसरले. त्याने लगेच त्यात तापमापक घातले, तर पारा चढून ३२ वर येऊन थांबला. गोठताना पाणी गरम झाले होते.

हवा नव्हती म्हणून गोठले नसावे, असे आधी त्याला वाटले. पुढे एकदा असेच थंडगार पाणी भरलेले भांडे घेऊन जिना चढताना त्याला ठेच लागली, भांड्याला हिसका बसला आणि डोळ्यांदेखत पाण्यात बर्फ झाले. तेव्हा त्याला कळले की हिसकाही पुरतो. ३२ च्या खाली गेले की पाणी गोठलेच पाहिजे असे नाही. त्याला कुठून तरी सुरुवात मिळावी लागते. एखादा धुळीचा कण, एखादा धक्का, बर्फाचा एक स्फटिक. आणि सुरुवात झाली की द्रवरूपात राहण्यासाठी पाण्याने पोटात धरून ठेवलेली उष्णता बाहेर पडते. तिला पुढे जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने अप्रकट उष्णता म्हणून ओळखले. ब्लॅकला या वाटेवर आणणाऱ्या नोंदींत फॅरनहाइटची ही नोंद होती.

दुसरी नोंद लायडनच्या हर्मान बोरहाव यांच्यासाठी केलेल्या प्रयोगाची. बोरहाव हे त्या काळातले युरोपातले सर्वांत नावाजलेले वैद्य आणि रसायनशास्त्राचे अध्यापक. फॅरनहाइट त्यांना उपकरणे करून देई आणि दोघांचा पत्रव्यवहार चाले. पदवी नसलेल्या कारागिराच्या हातावर बोरहाव यांचा पूर्ण विश्वास होता. मात्र एकदा फॅरनहाइटनेच केलेली दोन तापमापके, एक मद्यार्काचे आणि एक पाऱ्याचे, थोडी वेगळी दाखवतात असे त्यांच्या लक्षात आले. फॅरनहाइटने सबब सांगितली नाही, शोध घेतला. बोहेमियाची, इंग्लंडची आणि हॉलंडची काच उष्णतेने सारखी फुगत नाही, हे कारण त्याने पुढे ठेवले. नळीतला द्रवच नव्हे, नळीही तापत असते, हे तोवर कोणाच्या ध्यानात आले होते?

बोरहाव यांना हवे होते ते असे. गरम आणि गार पदार्थ मिसळले तर शेवटी किती अंश होतात? पाणी पाण्यात मिसळले की उत्तर बरोबर मधले येते. मग फॅरनहाइटने पाणी आणि पारा घेतला. सारख्या आकारमानाचे १०० अंशांचे पाणी आणि १५० अंशांचा पारा मिसळला तर मधला आकडा १२५ यायला हवा, येतो १२०. पाणी गरम आणि पारा गार असेल तर १३०. दर वेळी पाण्याचीच सरशी. दोन माप पाण्याला तीन माप पारा घेतला तरच मधला आकडा येतो. पारा पाण्याच्या तेरा-साडेतेरापट जड, तरीही त्याच्या पोटात उष्णता कमी मावते. बोरहाव यांनी हा प्रयोग छापला, पण त्याचा नीट अर्थ लागला तो ब्लॅकला, फॅरनहाइट गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी. तापमान निराळे आणि उष्णता निराळी. दिवाळीतल्या फुलबाजीची ठिणगी हजारावर अंशांची असते, पण हातावर पडली तर जेमतेम चुरचुरते; बंबातले बादलीभर पाणी तिच्यापुढे काहीच तापलेले नसते, पण अंगावर सांडले तर दवाखाना गाठावा लागतो. ठिणगीचे तापमान मोठे, पाण्यातली उष्णता मोठी. मराठीत तर आपण याची आणखी गंमत करून ठेवली आहे. मुलाला टेंपरेचर आहे म्हणतो, जणू बरे असताना ते नसतेच.

१७२४ हे त्याच्या आयुष्यातले सर्वांत उजळ वर्ष. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला आपला सभासद करून घेतले आणि तिच्या नियतकालिकात त्याचे लॅटिनमधले पाच छोटे निबंध आले. उकळीचे अंश, पाण्याचे गोठणे, पदार्थांची घनता असे विषय. त्याच निबंधांतून त्याने आपल्या मापाच्या तीन खुणा जगाला उघड सांगितल्या. आयुष्यभरात त्याने छापलेले लिखाण एवढेच. ज्याचे विद्यालय पंधराव्या वर्षी सुटले, त्याच्यासाठी लॅटिन निबंध ही केवढी गोष्ट असेल!

पुढची बारा वर्षे दुकान आणि व्याख्याने यांत गेली. १७३६ च्या ऑगस्टमध्ये तो हेग शहरात आला होता, एका यंत्राचा परवाना मिळवायला. हॉलंडची बरीच जमीन समुद्रसपाटीखाली. तिच्यातले पाणी उपसून काढणारे यंत्र त्याने योजले होते. ते चालले असते तर कदाचित पैसे दिसले असते. पण तिथेच तो आजारी पडला. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मृत्युपत्र करून घेण्यासाठी लेखनिक बोलावला गेला, आणि १६ सप्टेंबर १७३६ रोजी परक्या घरात त्याचे निधन झाले. वय ५०. हेगच्या क्लोस्टर चर्चमध्ये त्याला पुरले, ते चौथ्या वर्गाच्या इतमामाने. हा वर्ग निर्धनांसाठी असे.

त्याच्या मागे मापाचे काय झाले ते थोडक्यात सांगतो. पाण्याची उकळी ही खूण अंगाच्या उबेपेक्षा भरवशाची आहे, म्हणून नंतरच्या लोकांनी ३२ आणि २१२ पक्के केले आणि मधले १८० भाग पाडले. त्यात निरोगी अंगाचा आकडा ९६ वरून थोडा वर सरकला. १७४२ मध्ये स्वीडनच्या अँडर्स सेल्सिअसने १०० अंशांचे माप मांडले; गंमत म्हणजे त्यात उकळी शून्यावर आणि बर्फ १०० वर होते, ते पुढे इतरांनी उलटे केले. दोन्ही मापांचा आकडा एकच येतो अशी एकच जागा आहे, उणे ४०. तिथे वाद नाही.

तापाशी फॅरनहाइटचे नाव जोडले गेले ते बोरहाव आणि त्यांच्या शिष्यांमुळे. त्यांनी त्याचे तापमापक रुग्णाच्या खाटेपाशी नेले. तोवर वैद्य हाताच्या पाठीने ताप पाहत. तरीही रोजच्या वापराला आणखी शंभरावर वर्षे लागली, कारण तापमापक फूटभर लांब असे आणि काखेत वीस मिनिटे धरावे लागे. १८६० च्या दशकात इंग्लंडच्या क्लिफर्ड ऑलबट यांनी सहा इंची तापमापक केले, ते पाच मिनिटांत काम करी. जर्मनीत कार्ल वुंडरलिश यांनी सुमारे पंचवीस हजार रुग्णांचे ताप मोजून १८६८ मध्ये निरोगी माणसाचा आकडा ३७ सेल्सिअस, म्हणजे ९८.६ फॅरनहाइट, असा दिला. इंग्रज डॉक्टरांनी ९८.४ धरला, तोच आपल्या नळ्यांवर बाण होऊन आला. इंग्रज गेले, बाण राहिला. आता पारा विषारी म्हणून त्या नळ्या बाजारातून जात आहेत, आणि नव्या बॅटरीच्या तापमापकावर एक बारीक बटण असते. दुकानदार ते आधीच एफवर लावून देतो.

फॅरनहाइटने स्वतः केलेली तापमापके आज अगदी मोजकी उरली आहेत. दोन लायडनच्या संग्रहालयात आहेत, ज्याला बोरहाव यांचे नाव आहे. आणखी एक, पितळी पट्टीवर बसवलेले, २०१२ साली लंडनमध्ये लिलावात निघाले आणि ६७ हजारांहून अधिक पौंडांना गेले.